उद्याच्या सृष्टीची कल्पना आणि आजचे दायित्व
(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



कोट्यवधी वर्षांनंतर या पृथ्वीवर कोणते जीव नांदत असतील? हा प्रश्न केवळ कथाकारांचा नव्हे. स्कॉटलंडचे भूशास्त्रज्ञ डुगल डिक्सन यांनी १९८१ मध्ये ‘आफ्टर मॅन’ या ग्रंथात मनुष्यजात लोपल्यानंतरची, पाच कोटी वर्षांपुढील सृष्टी रंगविली. तीत सशांच्या वंशजांनी हरणांची जागा घेतली आहे आणि उंदरांचे वंशज शिकारी श्वापदे बनले आहेत. या कल्पनेला आधार आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी महाकाय डायनोसॉर नष्ट झाले आणि तोवर लहानखुरे राहिलेले सस्तन प्राणी त्या मोकळ्या जागी विस्तारले.

अशा कल्पनेला शास्त्राची शिस्त लावणारे एक मनीषी म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. जन्माने इंग्रज असलेले हे जीवशास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आले, त्यांनी येथील नागरिकत्व स्वीकारले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे देह ठेवला. त्यांनी दाखवून दिले की, मनुष्य सर्व बाजूंनी दहापट मोठा केला, तर त्याचे वजन हजारपट होईल. हाडांचा छेद मात्र शंभरपटच वाढेल. पहिल्याच पावलाला त्या राक्षसाच्या मांड्या मोडतील! कल्पना मुक्त असावी, पण तिने गणिताला उत्तर दिले पाहिजे.

याच हाल्डेन यांनी १९२७ मध्ये ‘द लास्ट जजमेंट’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्यात पृथ्वीवरील मानव भरती-ओहोटीची ऊर्जा बेसुमार उधळतो. त्यामुळे पृथ्वीचे परिवलन मंदावते आणि कोट्यवधी वर्षांनी चंद्र जवळ येऊन फुटतो. बहुसंख्य लोक व्यक्तिगत सुखात मग्न राहून नष्ट होतात. मोजकेच लोक पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या वंशात बदल घडवून शुक्रावर वस्ती करतात.

पुढे १९६२ मध्ये मॅरिनर-२ यानाने शुक्र अतितप्त असल्याचे दाखविले. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे निबंधातील तपशील टिकला नाही. प्रश्न मात्र टिकला. आजच्या सुखासाठी उद्याची शिदोरी संपविण्याचा अधिकार कोणत्या पिढीला आहे?

या कथेची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. शुक्रावरील त्या मानवाच्या कानी समाजाचा आवाज अहोरात्र घुमतो. त्याला स्वतःचे असे काहीच उरत नाही. वंश वाचतो, पण माणूस हरवतो. केवळ स्वतःपुरते पाहणारा समाज टिकत नाही, आणि व्यक्तीला गिळून टिकलेला समाज मानवी राहत नाही. या दोन टोकांमधील वाट शोधणे उत्क्रांतीच्या हाती नाही. ते काम विवेकाचे आहे, आणि ते घराघरांत आजच सुरू व्हावयास हवे.