मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहूं नका



ह्या ज्युबिलीच्या सभेंत वडीलधारी मंडळी पुष्कळ जमली आहेत, म्हणून आम्ही डोळ्यांविषयीं बोलतों. "मोतीबिंदू अजून पिकला नाहीं," असें उमरग्याच्या परिसरांत पुष्कळ म्हणतात. पूर्वीं सबंध भिंग काढून जाड चष्मा देत, म्हणून थांबणें योग्य होतें. आज तें हानिकारक आहे. गढूळ झालेलें भिंग थेंबांनीं निवळत नाहीं. फार पिकल्यास शस्त्रक्रिया अवघड होते व कधीं डोळ्यांतील दाब वाढून दृष्टि कायमची जाते.

सन १९४९ मध्यें लंडन येथें हॅरॉल्ड रिडले ह्यांनीं डोळ्यांत कृत्रिम भिंग प्रथम बसविलें. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील डॉ. तात्याराव लहाने ह्यांनीं शिबिरें भरवून ही विद्या गरिबांच्या दारीं नेली.

डोळा बधिर करून हें काम बहुधा अर्ध्या तासांत आटोपतें, व रुग्ण सहसा त्याच दिवशीं घरीं येतो. कांहीं दिवस डोळा खुपतो, अंधुक दिसतें. त्यास भिऊं नये. मात्र वेदना वा लाली वाढली, किंवा दिसणें कमी झालें, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावें. वाचनास चष्मा बहुधा लागतो. मधुमेहानें डोळ्याचा पडदा बिघडला असल्यास किती दिसेल, हें आधींच विचारावें.

पुढील चार-सहा आठवडे घरच्यांनीं थेंब वेळेवर घालावे, हात धुवावे, डोळा चोळूं देऊं नये, चुलीचा धूर व खळ्यावरील धूळ टाळावी. ज्यांनीं आपणांस बोट धरून चालविलें, त्यांस दवाखान्यापर्यंत हात देणें हें आपलें कर्तव्य होय.