रॉड की प्लेट?



कामगार चळवळीतल्या माणसाने हाडांच्या शस्त्रक्रियेवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नव्हे. पण शहापूरच्या वीटभट्टीवर, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा माळशेजच्या रस्त्यावर ज्याचा पाय मोडतो, त्याच्या घरच्यांपुढे लगेच प्रश्न उभा राहतो : रॉड टाकायचा की प्लेट बसवायची? हा प्रश्न आपण समजून घेतला पाहिजे.

आपल्या घोट्याच्या वर आतल्या बाजूस हात फिरवून पाहा. कातडीखाली लागलीच हाड लागते. तेथे मांसाची गादी नाही, रक्तपुरवठाही बेताचा. म्हणून नडगीचे हाड खालच्या भागात मोडले की ते सावकाश जुळते. हाड जागचे हलले नसेल तर प्लास्टरवर भागते. हलले असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

रॉड गुडघ्याखालून हाडाच्या पोकळीत घालतात. जर्मनीच्या क्युंटशर यांनी १९३९ साली मांडीच्या हाडासाठी ही रीत प्रचारात आणली. तिचा गुण असा की मोडल्या जागची कातडी फारशी उघडावी लागत नाही. दोष असा की घोट्याजवळ पोकळी रुंद होत जाते. तेथे रॉडची पकड सैल पडली तर हाड वाकडे जुळू शकते. शिवाय पुढे गुडघा दुखण्याची तक्रार राहते, आणि उकिडवे बसून विटा थापणाऱ्याला ती लहान नाही. प्लेट हाडाच्या अंगावर स्क्रूंनी बसवतात. तिने हाड सरळ ठेवणे सोपे जाते, परंतु पातळ कातडीखाली जखम चिघळण्याचे भय असते.

मग श्रेष्ठ कोण? ब्रिटनमधील २८ रुग्णालयांनी ३२१ रुग्णांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गटांत विभागून हे तपासले. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी रॉडवाले थोडे बरे होते. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक उरला नाही. रॉडचा खर्च मात्र कमी आला. उघडी जखम असलेले किंवा मोड सांध्यात शिरलेले रुग्ण या तुलनेत नव्हते. सांध्यातील मोडीला बहुधा प्लेट लागते, आणि मोठी उघडी जखम असेल तर पुष्कळदा आधी बाहेरून सळयांचा सांगाडा बसवतात. तो निर्णय डॉक्टरांचाच.

यातून मी एक अर्थ काढतो. धातू कोणताही असो, सहा महिन्यांनीसुद्धा सरासरीने पाय पूर्ववत झालेला नव्हता. आणि आपल्या भट्टीचा हंगाम तरी केवढा? दिवाळीनंतर सुरू होतो, पावसाच्या तोंडाशी संपतो. म्हणजे एक मोड अख्खा हंगाम गिळते. बयाणा घेऊन आलेल्या कातकरी कुटुंबाचा हंगाम गेला, तर तोच बयाणा पुढल्या वर्षीच्या मानेवर बसतो. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली रद्द झाली. पण ती परत यायला एक मोडलेली नडगी पुरे आहे.

कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात १९२३ पासून आहे. पण हजेरीपटावर नावच नसेल तर तो कामगार होता हे सिद्ध कसे करणार? म्हणून सांगतो : अपघाताची नोंद त्याच दिवशी करा, रुग्णालयाचा प्रत्येक कागद आणि एक्सरे जपून ठेवा. हाड कातडीबाहेर आले असेल तर स्वच्छ फडक्याने झाका, पाय फळीला बांधा आणि हाडवैद्याकडे न थांबता रुग्णालय गाठा. डॉक्टरांना विचारा : मोड सांध्यात शिरली आहे का? पायावर भार केव्हा द्यायचा? पुन्हा कधी दाखवायचे? आणि विडी-तंबाखू सोडा. तिने हाड जुळायला उशीर होतो.

रॉड की प्लेट, हे शल्यतज्ज्ञ ठरवतील. त्या सहा महिन्यांत घरची चूल कशी पेटेल, हे ठरवणे तुमच्या-माझ्याकडे आहे. त्यासाठी या सभागृहातून निदान चार माणसे आपापल्या गावच्या भट्टीवरचा हजेरीपट पाहायला निघाली, तर माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.