फोरट्रानचा उंबरठा

(दिल्लीतील सरोजिनी नगर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



इथून लोधी रोडवरचं हवामान खात्याचं मौसम भवन जवळच आहे. जरा लांब, नोएडात, मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र आहे. २०२४ साली तिथे ‘अरुणिका’ हा महासंगणक आला आणि त्याचं भावंड ‘अर्क’ पुण्यात पाषाणला गेलं. वारा, ओलावा, ढग यांचं जे गणित अशा यंत्रांवर चालतं, त्याचा मोठा भाग फोरट्रानमध्ये लिहिलेला आहे. फोरट्रान ही संगणकभाषा १९५७ची. आलेल्या आकड्यांचे नकाशे काढणारी मुलं मात्र पायथन वापरतात, आणि पायथन जगासमोर आली १९९१ साली. या दोघींचं बोलणं कसं होतं, ते आज सांगायचं आहे.

फोरट्रानचा मजकूर आधीच कंपाइल होतो, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवला जातो. नंतर उरतात फक्त पत्ते आणि बाइट. पायथनमध्ये साधा आकडासुद्धा एक वस्तू असतो: आपण पूर्णांक आहोत आणि आपल्याला कितीजणांनी धरून ठेवलंय, हे तो सोबत बाळगतो. म्हणून मध्ये कुणीतरी लागतं, जे वस्तूतून कच्चा आकडा काढून फंक्शनला देईल आणि आलेलं उत्तर पुन्हा वस्तूत घालून परत करेल. त्याला रॅपर म्हणतात. कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको.

एस्टोनियाच्या पेआरू पेटरसन यांनी फोरट्रानसाठी असे रॅपर आपोआप तयार करणारं ‘एफटूपाय’ लिहिलं. आज ते नमपाय या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या साधनासोबतच मिळतं. त्यातली एक खोच मात्र नीट ध्यानात घ्या. फोरट्रान तक्ता स्तंभाने साठवते, तर नमपाय नेहमीच्या रीतीत ओळीने. क्रम उलटा असला, तर एफटूपाय साध्या इनपुटची गुपचूप प्रत करून घेतं. उत्तर बरोबर येतं, पण मेमरी दुप्पट जाते. तक्ता मोठा असेल तर ही प्रत महागात पडते.

मी स्वतः चुकलो ते सीटाइप्स, म्हणजे पायथनमधून सी भाषेतली फंक्शनं बोलावण्याचं साधन, वापरताना. सीमध्ये लिहिलेलं एक फंक्शन तापमान दशांशात परत करत होतं. परतीचा प्रकार मी सांगितलाच नाही, आणि सांगितलं नाही तर सीटाइप्स पूर्णांकच गृहीत धरतं. प्रोग्राम थांबला नाही, तक्रारही केली नाही, फक्त भलतेच आकडे देत राहिला. दोन दिवस मी फंक्शनच तपासत बसलो. दोष दोन भाषांमधल्या उंबरठ्यावर होता.

दुसरी गोष्ट खर्चाची. बाबू मार्केटमधून दहा भाज्या आणायच्या तर कुणी दहा चकरा मारत नाही, यादी घेऊन एकदाच जातो. हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख बिंदूंच्या जाळ्यावर पायथनमधून फंक्शन दहा लाख वेळा हाकारलं, तर कंपाइल केल्याचा फायदा ये-जा करण्यातच संपतो. पूर्ण तक्ता एकदाच द्यावा आणि फेऱ्या आत मारू द्याव्यात.

मेमरी कोणाची, हेही आधीच ठरवावं. सीने घेतलेली जागा पायथन आपणहून मोकळी करत नाही. उलट, पायथनने मोकळी केलेली जागा सी वापरत राहिलं, तर प्रोग्राम कुठेही कोसळू शकतो.

आणि एकक! तापमान केल्विनमध्ये आहे की सेल्सिअसमध्ये, हे यांतली कोणतीही भाषा तपासत नाही. सगळ्यांच्या लेखी तो नुसता आकडा.

‘जुनं फोरट्रान फेकून सगळं नव्याने लिहा’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. वर्षानुवर्षं पारखलेलं गणित मोडण्यापेक्षा त्याच्या दारात नीट उंबरठा घालणं शहाणपणाचं आहे. पण ते दुय्यम काम समजून नवख्याकडे ढकललं जातं, आणि चुका नेमक्या तिथेच शिरतात.

इथे बसलेल्या तरुणांना माझं सांगणं इतकंच: पुढचा रॅपर लिहाल तेव्हा प्रत्येक फंक्शनच्या वर तीन गोष्टी लिहा. आकड्याचा प्रकार, त्याचं एकक आणि मेमरी कोणाची. आणि ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं एक उदाहरण चालवून बघा, मगच तो दुसऱ्याच्या हाती द्या.