शपथेवरचे असत्य : खटला कोणावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



2014 साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी युवकाची हत्या झाली. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. असा निकाल लागला की आपल्या बैठकांतून एक मागणी हमखास ऐकू येते : या फितुरांना तुरुंगात घाला. या संतापात मीही सहभागी आहे. परंतु ही मागणी सरसकट मान्य झाली तर तिचा फास कोणाच्या गळ्यात पडेल, याचा विचार आपण केला पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. न्यायालयात हेतुपुरस्सर खोटा पुरावा देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतीय दंडसंहितेच्या 193 व्या कलमातील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 229 व्या कलमात आली आहे. मात्र असा खटला कोणालाही परस्पर भरता येत नाही. ज्या न्यायालयाच्या कामकाजात असत्य सांगितले गेले त्याने, अथवा त्याच्या वरिष्ठ न्यायालयाने, तशी फिर्याद करावी लागते. आणि तीही न्यायहिताच्या दृष्टीने इष्ट आहे असे त्याचे मत झाल्यावरच. असत्य जाणूनबुजून सांगितलेले असावे आणि शिक्षा होण्याचा वाजवी संभव असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 च्या एका निकालात स्पष्ट केले आहे.

हा संयम मला योग्य वाटतो. साक्षीदार तारीख विसरतो, अंधारात पाहिलेला चेहरा चुकतो, उलटतपासणीत गोंधळतो. अशा प्रत्येक विसंगतीवर खटले होऊ लागले तर हरलेला धनवान पक्ष जिंकलेल्या गरिबाच्या साक्षीदारांना जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावील. मग पुढच्या वेळी साक्ष द्यायला कोण येईल?

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेला साक्षीदाराचा जबाब शपथेवर नसतो. त्यावर त्याची सहीही घ्यायची नसते. म्हणून न्यायालयात साक्षीदार त्या जबाबापासून फिरला, एवढ्याने तो खोटा ठरत नाही. कदाचित तो आज खरे सांगत असेल आणि जबाबच पोलिसांनी आपल्या सोयीने लिहिलेला असेल. दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर दिलेल्या जबाबाची गोष्ट वेगळी. तेथे एक आणि सत्र न्यायालयात त्याच्या नेमके उलट सांगितले गेले, तर दोहोंपैकी एक असत्य आहेच. परंतु तेथेही प्रश्न उरतो : ते असत्य कोणी बोलायला लावले?

माझा आक्षेप आहे तो हा विवेक व्यवहारात कोणाविरुद्ध वापरला जातो, याला. मध्य प्रदेशातील एका स्त्रीने बलात्काराची फिर्याद दिली आणि न्यायालयात ती नाकारली. आपण खेड्यातील निरक्षर स्त्री असल्याचे तिचे म्हणणे होते. तिला संक्षिप्त कार्यवाहीने झालेली तीन महिन्यांची कैद 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. 1 मार्च 2002 रोजी बडोद्याच्या बेस्ट बेकरीत 14 माणसे मारली गेली. साक्षीदार फिरले, 2003 मध्ये सर्व 21 आरोपी सुटले. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. मुंबईतही जाहिरा शेख पुन्हा फिरली. मार्च 2006 मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला एक वर्षाची कैद झाली. तिने असत्य सांगितले, हे खरेच. तिच्या मालमत्तेचा उगम तपासण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. पण त्या निकालाने गजाआड गेली ती स्वतःचे आप्त त्या आगीत गमावलेली एक तरुणी.

आता दुसरी बाजू पाहा. न झालेले पुनर्वसन पूर्ण झाले, असे प्रतिज्ञापत्र करणारा अधिकारी. एकाच पोलीस ठाण्याच्या प्रकरणामागून प्रकरणात सही ठोकणारा ठरलेला पंच. मालमत्ता व गुन्हे दडवणारा उमेदवार. यांना ना भय असते, ना भूक. उमेदवाराच्या खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात जे खास कलम आहे, त्यातील कमाल कैद सहा महिन्यांची आहे. साक्षीच्या पिंजऱ्यातील शेतमजुराला सात वर्षांचा धाक आणि आमदारकीच्या उमेदवाराला सहा महिन्यांचा, हे प्रमाण लोकशाहीला शोभत नाही.

म्हणून आपली मागणी अशी असावी. असत्य हेतुपुरस्सर आहे काय, आणि खटल्याच्या निर्णयाशी त्याचा संबंध आहे काय, हे प्रथम पाहावे. नंतर ते लाभापोटी बोलले गेले की भयापोटी, हे पाहावे. लाभापोटी, अधिकाराच्या बळावर किंवा निरपराधाला अडकवण्यासाठी असत्य सांगणाऱ्यावर खटला झालाच पाहिजे. तो गरीब असला तरी झाला पाहिजे, कारण त्याच्या असत्याने तुरुंगात जाणाराही बहुधा गरीबच असतो. भयापोटी फिरलेल्याच्या बाबतीत मात्र आधी धमकी देणाऱ्याचा शोध घ्यावा. खोट्या साक्षीसाठी धमकावणे हा 2006 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा कायदा 2017 साली झाला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर संरक्षण योजना लागू केली. ज्याला हे संरक्षण दिलेच नाही, त्याला फितुरीबद्दल शिक्षा करण्याचा नैतिक अधिकार शासनाला कोठून येतो?

शेवटी आपल्याविषयी. मोर्चाच्या खटल्यात आपला कार्यकर्ता तेथे नव्हताच, असे सांगणारा साक्षीदार उभा करण्याचा मोह आपल्याला झालेला नाही काय? पोलीस खोटे लिहितात म्हणून आपणही खोटे बोलावे, हा युक्तिवाद मी आपल्याच लोकांकडून ऐकला आहे. 1922 साली अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी आरोप मान्य केला आणि सहा वर्षांची शिक्षा पत्करली. ती परंपरा आपण सांगतो. मग गावातल्या भेदरलेल्या साक्षीदाराकडून सत्याची अपेक्षा करताना दोन कामे आपल्याला करावी लागतील : आपल्या खटल्यात असत्याचा आश्रय घ्यायचा नाही, आणि तो साक्षीदार कोर्टात जाईल त्या दिवशी, व त्यानंतर गावात परतेल त्या रात्रीही, त्याच्यासोबत राहायचे.