दस्तऐवजाचा भार हलका करताना



अर्जासोबतची फाईल ठरावीक मर्यादेहून मोठी असल्यास संगणक ती नाकारतो. इंचास 300 ठिपके या प्रमाणात घेतलेल्या ए-4 पानाची रंगीत प्रतिमा मूळ रूपात सुमारे 26 मेगाबाइट भरते. निव्वळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत तीच सुमारे 1 मेगाबाइट होते. म्हणून रंगीत शिक्का आवश्यक नसल्यास प्रथम रंग वगळावा.

मात्र आकार घटविताना अक्षर बिघडता कामा नये. 2013 साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञांनी दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे फाईल लहान करताना 6 च्या जागी 8 उमटवीत होती. आपल्या गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावर असे घडल्यास सर्व्हे क्रमांकच बदलेल! यास्तव प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून मगच फाईल पाठवावी, ही विनंती.