कुत्रीच्या आचळातील गाठ आणि पेशींचा हजेरीपट



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्याने कुत्रीच्या आचळातील गाठीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु दारची कुत्री उतारवयाला लागली की तिच्या पोटाखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. “वय झाले, चालायचेच,” असे म्हणून आपण ती सोडून देतो. या सोडून देण्याविषयीच आम्हांला बोलावयाचे आहे.

कुत्रीला बहुधा दहा स्तनग्रंथी असतात. नसबंदी न झालेल्या कुत्रीत सर्वांत अधिक आढळणाऱ्या गाठी याच ग्रंथींच्या. त्यांतील सुमारे निम्म्या साध्या, निम्म्या कर्करोगाच्या. बोटाला मात्र दोन्ही सारख्याच लागतात.

गाठ एका रात्रीत बिघडत नाही. प्रथम पेशी संख्येने वाढतात. मग त्यांची घडण बिघडते. मग नळीच्या आतच कर्करोग उभा राहतो, आणि अखेर तो कुंपण मोडून बाहेर पडतो. हे टप्पे ओळखण्यासाठी काढलेल्या गाठीचे अतिशय पातळ काप करून त्यांवर प्रतिपिंडे सोडतात. प्रतिपिंड आपल्या ठरलेल्या प्रथिनालाच चिकटते, आणि तेथे तपकिरी रंग उमटवता येतो.

असे एक प्रथिन म्हणजे केआय-६७. जर्मनीतील कील येथील संशोधकांनी १९८३ साली त्याची ओळख करून दिली. आम्हांला ते गिरणीच्या हजेरीपटासारखे वाटते. विसावलेल्या पेशीत ते नसते. विभाजनाच्या कामावर असलेल्या पेशीत असते. शंभरांपैकी किती पेशी कामावर, हे त्यावरून मोजता येते. दुसरे पी-६३; ते नळीभोवतीच्या कुंपणपेशींत दिसते. कुंपण अखंड असेल, तर रोग आतच आहे असे मानण्यास आधार मिळतो. तिसरे इस्ट्रोजेनचे ग्राहक प्रथिन; साध्या गाठींत ते पुष्कळदा टिकून असते, घातक गाठींत कमी होते.

पण नुसत्या हजेरीपटावरून गिरणीचा कारभार कळत नाही. तसेच एका प्रथिनावरून निकाल देता येत नाही. पेशींची घडण पाहणारा जाणता डोळा लागतोच.

कुत्री आपल्याच अंगणात राहते, आपलेच पाणी पिते, आणि तिचा हा रोग स्त्रियांच्या रोगाशी पुष्कळ बाबतींत जुळतो. म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. १९९८ साली मुंबईत टाटा रुग्णालयाने दीड लाखांहून अधिक गरीब स्त्रियांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने करीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी.

तात्पर्य, प्रयोगशाळेतील प्रथिने तिथवर पोहोचलेल्या गाठीविषयीच बोलतात. तिला तेथवर पोहोचविणारा हात आपला. दारच्या मुक्या जिवाची गाठ पशुवैद्याला दाखवा. आणि घरातील माउलीने संकोचाने काही सांगितले, तर “चालायचेच” म्हणू नका.