कारागृहाच्या दारापासून पाड्याच्या उंबरठ्यापर्यंत



अर्जुनमाळ्याची कथा जैन घराघरांत परिचित आहे. अनेकांच्या हत्येचे पातक माथी असलेला हा माणूस श्रेष्ठी सुदर्शनाच्या सान्निध्यात शांत झाला आणि भगवान महावीरांच्या चरणी त्याने दीक्षा घेतली. कथेचा उत्तरार्ध मात्र सहसा घाईने सांगितला जातो. मुनी होऊन तो त्याच राजगृहीत गोचरीस गेला, तेव्हा लोकांनी त्याला शिव्याशाप दिले, मारले. आहार मिळाला तर पाणी नाही, पाणी मिळाले तर आहार नाही, अशी त्याची गत झाली. परतणाऱ्या माणसापुढे दार बंद होण्याची ही रीत आजही सरलेली नाही.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून जो कोठडीत जातो, त्याचा मुक्काम बहुधा कल्याणच्या आधारवाडी कारागृहात किंवा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात असतो. देशातील कारागृहांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी न्यायाधीन असतात. त्यांचा दोष सिद्ध झालेला नसतो. जामिनाचा आदेश पोहोचला की सुटका होते. मग कसारा लोकलने आसनगाव, आटगाव किंवा खर्डी गाठायचे आणि पुढे मिळेल त्या वाहनाने पाडा. मुरबाडकडे तर रेल्वेही नाही. कल्याणहून एसटीने मुरबाड, तेथून टोकावडे किंवा धसईची वाट.

या प्रवासात औषधोपचाराचा धागा तुटतो. गर्दीच्या, कोंदट बराकींत क्षयरोग सहज पसरतो. त्याचा उपचार सामान्यतः सहा महिन्यांचा. सुटकेची तारीख मात्र गोळ्या मोजून ठरत नाही. औषध मध्येच थांबले तर रोग उलटतो, औषधांना दाद देईनासा होतो आणि एका खोलीत झोपणाऱ्या लेकरांनाही गाठतो. रक्तदाब, मधुमेह, मनोविकार, व्यसन यांचीही हीच कथा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या बारा पटींहून अधिक आढळला. तेथील मुख्य कारण अमली पदार्थांचा अतिरेक हे होते, इकडची परिस्थिती वेगळी आहे. तथापि सुटकेनंतरचे पहिले दिवस सर्वांत नाजूक असतात, हा बोध सर्वत्र लागू पडतो.

क्षयरुग्णाची 'निक्षय' नोंद देशभर एकच असते. ती शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाकडे वर्ग करता येते. नोंद पोहोचते, पण माणूस पोहोचतोच असे नाही. लाजेने तो दवाखान्याची पायरी चढत नाही. कुटुंब कातकरी असेल तर दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर गेलेले असते आणि कागदावरच्या पत्त्यावर कुलूप लागलेले असते. कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले, हे एकाच व्यक्तीला ठाऊक असते: पाड्याच्या आशाताईला.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' ही योजना उभी राहिली. आशा ही बहुधा गावचीच सून असते. तिचा मोबदला बराचसा कामागणिक ठरतो. सुटून आलेल्या माणसाची विचारपूस मात्र त्या यादीत वेगळी मांडलेली नसते. तरी हे काम तिच्याइतके कोणाला साधणार? खटला कशाचा, हे न विचारता ती थुंकीच्या तपासणीला घेऊन जाऊ शकते, गोळ्यांची आठवण देऊ शकते. झोप उडालेल्या, अबोल झालेल्या माणसाला ती 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक लावून देऊ शकते. क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारे मासिक अर्थसाहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये झाले. पण ते बँक खात्यात येते. खाते बंद पडलेले, आधार हरवलेले, अशा माणसाला कागद जुळवून देणे हीसुद्धा आरोग्यसेवाच होय.

सॅन फ्रान्सिस्कोत २००६ साली सुरू झालेल्या 'ट्रान्झिशन्स' दवाखान्याने तर बंदिवास भोगलेल्या व्यक्तींनाच आरोग्यसेवक नेमले. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत काम करीत आला आहे. कारागृहातील समाजसेवक आणि पाड्यावरची आशा यांच्यात सुटकेच्या दिवशी एक दूरध्वनी झाला, तरी पुष्कळ काही वाचेल.

येथे समाजाचे कर्तव्य सुरू होते. सप्टेंबर २०२२ पासून कोणीही नागरिक वा संस्था 'निक्षय मित्र' होऊन क्षयरुग्णाला पोषण आहाराची टोपली देऊ शकते. तालुक्याच्या गावी जाण्याचे भाडे ही रक्कम लहान, पण तिच्यावाचून औषध चुकते. दुकानात, गोदामात, भातगिरणीत मिळालेले काम हे तर औषधाइतकेच मोलाचे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. टोपली देताना छायाचित्र काढू नये. त्या एका छायाचित्राने आजार आणि बंदिवास दोन्ही गावभर होतात, आणि पुढच्या महिन्यात तो माणूस टोपलीलाही येत नाही, औषधालाही येत नाही.

जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली. सुटून आलेल्या रुग्णाला औषधदान शासनाकडून मिळते, पण अभयदान केवळ शेजारी देऊ शकतो. राजगृहीच्या नगरजनांची चूक शहापूर-मुरबाडमध्ये घडू नये, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षातील प्रार्थना.

जय जिनेंद्र!